सातवीचा पट

मी खर्ड्याची, पिंजाऱ्याची लेक. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. घरात आमची हिंदी, शाळेत मराठी, आन मला मराठीच गोड लागायची. तवा इंग्रजाचं राज्य हुतं, लढाई चालली हुती, घासलेट मिळत न्हवतं. लोकल बोर्डाची शाळा सातवीपत्तूर. सातवीची फायनल पास झाली का मास्तरीन होता यायचं, आन मला तेच व्हायचं हुतं. अब्बांना मी म्हनले, तवर निकाहचं नाव काढायचं न्हाई. ते म्हनले, बरं, पर गावात वर्ग हाय तवरच, जामखेडला मी धाडायचा न्हाई.

आता वर्गात पोरं कुठं? दिवाळी झाली का निम्मी आईबापासंगं ऊसतोडीला बेलापूरकडं. शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे, पट कमी दिसला का वर्ग मोडायचे. मग काय सांगू तुमाला, आमच्या गुरुजींनी शाळा सोडलेले बाप्ये आणून बसवले की सातवीत! लगीन झालेले, मिशावाले. गुरुजींनी बजावलं, साहेब आले का उभं रहायचं, नमस्ते म्हनायचं, गप बसायचं. मी एकटी पोरगी कोपऱ्यात, पदर तोंडाला लावून हसतीय.

साहेब आले. बाप्ये उठले, पर दारात पाव्हना आल्यावर गप बसायची सवय कुनाला हाय? एक म्हनला, या या साहेब, बसा. दुसऱ्यानं चंची सोडून म्होरं केली, घ्या, पान खा.

साहेब हसले, पान न्हाई घेतलं. म्हनले, गुरुजी, ह्यांना घरी जाऊ द्या. मग उरल्यासुरल्या आमाला बघून म्हनले, ह्यांना औंदा फायनलला बसवा, जूनपासून सातवी बंद. गुरुजींचा राग न्हाई आला मला, बिचाऱ्यांनी आमच्यापायीच केलं. पर लई वाईट वाटलं.

परीक्षेला नगरला गेल्ते, अब्बा संगं हुते. निकाल लागला, सगळ्यात पास, गनितात गेले. गुरुजी घरी आले, म्हनले, पोरी, पुन्यांदा बस, पोरांनाबी एका दमात जमत न्हाई. पर गावात वर्ग न्हवता. त्यांनी शब्द पाळला हुता, मग मीबी पाळला. निकाह झाला.

नवरा चांगला भेटला, खोटं कशाला बोलू. आता खर्ड्यात मोठी शाळा हाय, पोरी सायकलीवर जात्यात. शिकू द्या, अल्ला त्यांचं भलं करो. मला आनखी एक साल पायजे हुतं, एवढंच.