भर समुद्रात लागणारा फोन

दातांच्या दवाखान्यात मासेमारी बोट चालवणारा तांडेल सुजलेला गाल धरून बसला होता, शेजारी बायको आणि मेहुणा. समोरच्या बाकावरचे शिंपीकाका ऐकता ऐकता आपली दाढ विसरले.

"दाजी, टॉवर नसला तरी हा फोन थेट उपग्रहावरून लागतो. बंदरातली प्रत्येक बोट घेईल. मी एजन्सी घेतोय."

"एकही घेणार नाही, मेहुणेबुवा. बोटीचा मालक घटकेघटकेला विचारेल, जाळ्यात काय आलं? समुद्रावर तेवढीच तर सुटका!"

"ताई, तू तरी सांग यांना."

"मी काय सांगू? सासूबाई गेल्या तेव्हा हे समुद्रात. परतले ते आईसाठी वेगळी काढलेली मासळी हातात घेऊन."

ती भावाकडे वळली.

"एक दे रे आम्हाला. नंबर मालकाला द्यायचा नाही."

"मग तू उठसूट करशील."

"देवाला कुठे मी उठसूट हाक मारते? मारली तर पोचते, एवढं ठाऊक असलं की पुरे."

"म्हणजे ताई, माझ्या एजन्सीला गिऱ्हाईक एकच!"

"खुळ्या, बोटींवर कशाला फिरतोस? बोटी सुटताना धक्क्यावर बायका उभ्या असतात, त्यांना विचार."