वरीलप्रमाणे

—झोपलाय कुठला, कामावर गेलाय आमचा नेमू. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. तुमच्या संस्थेत दीर्घिका मोजायचा, इथं उसाच्या गाड्या मोजतो — गाड्या निदान डोळ्यांना दिसतात! बसा. बंगळूरहून एवढ्या लांब आलात. त्याला परत न्यायला? येणार नाही तो. शहात्तरच्या डिसेंबरात भर सभेत चूक निघाली, 'माझीच' म्हणाला आणि ट्रंक उचलून थेट घरी. वर्ष होत आलं. त्याची आई रोज मला म्हणते, "आवं, पोराला बोलतं करा की तुमी." मी काय बोलतं करणार?

विषय? कळतो थोडा. रेडिओ दीर्घिका म्हणजे आकाशवाणी केंद्र नव्हे, एवढं 'ती. अप्पांस' लिहून पत्रातनं शिकवलंय त्यानं बापाला. पोटातनं दोन बाजूंना झोत सुटतात, भोवतीच्या वायूला रेटत लाखो प्रकाशवर्षं जातात, अडतात तिथं फुगतात — बरोबर? मग झोत किती लांब जाणार? वायू किती आडवा येतो, त्यावर. बाहेर जावं तसा वायू विरळ होतो. ते धरलं नाही की आकाशात लांब गेलेला झोत कागदावर मधेच अडतो. तसाच अडला. लोक हसले म्हणे. हसणारच.

गणकयंत्र तुमच्याकडं आठवड्यातनं तासभर मिळायचं, म्हणून कोष्टकं इकडं यायची. लॉगचं पुस्तक घेऊन मी बसायचो. बत्तीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढली, साहेब, गुंठ्याची चूक नाही! पण त्या वायूच्या रकान्यात दशांशचिन्हापुढं पंचवीस-सव्वीस शून्यं — नसल्यातच जमा की! एवढ्याशात काय फरक पडायचाय? म्हणून चाळिसाव्या ओळीखाली कचेरीत लिहायचो तसं लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. शेवटपर्यंत. त्यानं तोच आकडा धरला सगळीकडं. बापाचं काम, तपासणार कशाला—

काय बोललो मी? नाही, तसं नव्हे... पिशवीतनं काय काढताय? हो. तेच कोष्टक, अक्षर माझंच. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं काय आहे? थांबा, चष्मा... 'अप्पांना कळू देऊ नये.' हे अक्षर नेमूचं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि मी वर्षभर—

उठा, साहेब. दिवस मावळायच्या आत जेवतो आम्ही, पाचला येईल तो. त्याआधी एसटी आहे. तो कागद घेऊन जा. इथं नको. तिकडंही कुणाला दाखवू नका. त्यानं विचारलं कोण आलं होतं, तर कोणी नाही म्हणेन. वर्षभर त्याला काय सांगितलंय? काही नाही. आजही वरीलप्रमाणे.

चहा राहू द्या. गाडी चुकेल.