पंपाला बांधलेलं फडकं

जुलाबांनी गळून गेलेल्या लेकीला आई दवाखान्यात घोटघोट पाणी पाजत होती. मागच्या बाकावर पाणी शुद्धीकरण केंद्राचे साहेब बसले होते. त्यांना शोधत फोरमन आला.

"साहेब, पाणी गाळायच्या नव्या मेंब्रेनने परत मान टाकली."

"चाचणीत तर एकदाही तुंबली नव्हती."

"कशी तुंबेल? चाचणीचा पंप गाळाने सारखा बंद पडायचा, म्हणून तुम्हीच त्याच्या तोंडाला फडकं बांधायला लावलंत. गाळ फडक्यात अडकला. मेंब्रेनने नदीचं खरं पाणी पाहिलंच नाही, आणि आपण तिलाच पसंत केलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला!"

"मग आता अख्ख्या नदीला फडकं बांधू?"

"थट्टा पुरे. आठवडाभर पाणी न गाळताच गावात सोडतोय. लोकांना निदान उकळून प्या म्हणून सांगा."

"का म्हणून विचारतील."

"विचारू देत की! आणि तुम्ही इथे कसे?"

"आत बायकोला सलाईन लावलंय. काल संध्याकाळपासून उलट्या."

"वहिनींना? अहो, घरी तरी पाणी उकळायला सांगायचंत!"

"तिनेही का म्हणून विचारलं असतं."



"आई," पुढच्या बाकावर मांडीवरची लेक म्हणाली, "अजून पाणी."