पिवळ्याच्या समोरचा रंग

चौऱ्याण्णवच्या श्रावणात, बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या मॅचिंगच्या दुकानात विठाबाई हिरव्या साडीवर हिरवाच ब्लाउजपीस घ्यायला रांगेत उभ्या होत्या. पुढे दोघी बहिणी होत्या.

“सौम्या, आईची ही पिवळी साडी फारच विटलीय गं. उद्या साखरपुड्याला नेसले तर सासरचे हसतील.”

“अक्का, तू तिच्याशेजारी नवाकोरा पिवळा धरतेस. ती आणखी विटकी दिसणारच.”

“मॅचिंग म्हणजे तोच रंग ना?”

“आमच्या कॉलेजात रंगांचं चक्र काढायला लावतात. त्यात पिवळ्याच्या अगदी समोर जांभळा बसतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. अण्णा, स्वल्प जांभळा दाखवा.”

“तुझा अभ्यास माझ्या साखरपुड्यात नको.”

“आधी दारात, उजेडात तर चल. हं, आता बघ.”

“अगं बाई. ही तीच साडी?”

“तीच.”

“आई सांगते तश्शी दिसतेय. ओल्या हळदीसारखी.”

“मग? नेसणार ना?”

“नेसणार म्हणजे काय. अण्णा, जांभळाच कापा, बेगा, लवकर. शिंपी थांबलाय.”

मग विठाबाईंची पाळी आली. दुकानदार अण्णांनी विचारलं,

“अक्का, तुम्हाला हिरवाच ना?”

विठाबाईंनी पायरी उतरणाऱ्या सौम्याला हाक मारली.

“बाळ, हिरव्याच्या समोर कोण बसतं गं?”