कंपनीच्या लेखी मी फरार

तुम्ही मला घाबरट म्हणता ना? पण कंपनीच्या लेखी मी एकदा चक्क फरार होते.

बाळंतपणाची रजा संपत आली, तरी तन्वी बाटली तोंडात घेईना. म्हणून मॅनेजरला आणखी महिनाभराच्या रजेचा मेल टाकला. उत्तर आलं नाही. फोन केला तर ते नाही म्हणतील, या भीतीने मी होकारच धरून चालले.

तिसऱ्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या घरी रजिस्टर्ड पत्र आलं. मी 'अ‍ॅबस्कॉन्डिंग' आहे म्हणे. सासरे निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांनी लगेच शब्दकोश काढला.

"पळून जाणे, फरार होणे, पोबारा करणे, गुंगारा देणे. सूनबाई, यातलं तू नेमकं काय केलंस?"

"बाबा, तन्वी रडली तर ऐकू यावं म्हणून मी आंघोळीला जातानासुद्धा दार पुरतं लावत नाही हो!"

नोकरी गेलीच, असं समजून रडवेल्या आवाजात एचआरला फोन लावला. बाबांनी स्पीकर सुरू करायला लावला.

"मॅडम, रजेचा मेल कुणाला केला होतात?" पलीकडच्या मुलीने विचारलं. मी मॅनेजरचं नाव सांगितलं.

"अरे देवा! ते तर महिन्याभरापासून स्वतःच अ‍ॅबस्कॉन्डिंग आहेत. दुसऱ्या कंपनीत गेलेत म्हणे. तुमच्या नोकरीचं काय करायचं, ते विचारून सांगते."

फोन ठेवला. बाबांनी शब्दकोश मिटला.

"त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. का हो?"

"विचारून ठेव. पळून जिथे गेलेत, तिथे आणखी एखादी जागा असेल."