वेंडेलच्या घरात माणसं किती

...नाही, मी म्हणतो, इतका साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायला माणसाला दीड महिना लागावा? घरात माणसं किती? अहो, पहिलीतलं पोर बोटं मोजून सांगेल, आणि आमच्या समोरच्या वेंडेल ट्रॅमेलच्या घरी तर बोटसुद्धा एकच पुरतं. मी बघतो ना रोज. एक दिवा, एक खुर्ची, सकाळी पडवीच्या कठड्यावर कॉफीचा एक मग. अकरा वर्षं झाली. आमच्या या टेनेसीच्या डोंगरात लोक लांबून हात खूप हलवतात, पण कुंपण ओलांडून कुणी कुणाकडे जात नाही. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

तर वेंडेल. तेव्हा वय बासष्ट, धंदा पियानो सुरात लावायचा. तीन काउंट्यांतली चर्चं, दोन शाळा, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात पियानो निव्वळ फोटो मांडायला उभा आहे अशी काही घरं. अलीकडे निम्म्या चर्चांनी विजेवर चालणारे पियानो घेतले, ते कधी बेसूरच होत नाहीत, म्हणजे वेंडेलच्या पोटावर पायच. तरी चाललं होतं. आणि गेल्या वर्षीच्या वसंतात काय झालं, सूर धरायचा त्याचा तो पोलादी काटा असतो ना, तो उजव्या कानाशी धरला की एक सूर यायचा आणि डाव्या कानाशी धरला की तोच सूर जरासा उतरलेला. त्याला वाटलं काटा बिघडला. नवा मागवला. तोही बिघडलेला निघाला. तिसरा मागवायला निघाला होता बिचारा, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की काटे धडधाकट आहेत, आपला कान चाललाय.

आता सांगा, पियानो लावणाऱ्याचा कान म्हणजे काय? शिंप्याचा हात तो. काही महिने त्याने डाव्या कानात कापूस कोंबून पियानो लावले. मग गावातल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "वेंडेल, आत काहीतरी असू शकतं. नॉक्सव्हिलला जाऊन मोठ्या मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढायला हवा. विमा आहे ना?"

"नाही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "नोव्हेंबरात विम्याचा सरकारी बाजार उघडतो. कमाई कमी असेल तर हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं. आधी ते कर."

झालं. नोव्हेंबर उजाडला आणि वेंडेल फोन लावून बसला. चाळीस मिनिटं नुसतं संगीत. आणि तुम्हाला सांगतो, संगीतात कोण वाजत होतं, तर पियानो, आणि तोही बेसूर. चाळीस मिनिटं हा माणूस दात आवळून ते ऐकत होता. मग एकदाची बाई आली. गोड आवाजाची.

"घरात माणसं किती, सर?"

"एक."

"लग्न झालंय?"

"झालंय."

"मग दोन ना, सर?"

"नाही, एकच. ती फ्लोरिडात असते. अकरा वर्षं."

"घटस्फोट?"

"नाही."

"मग कागदावर दोन, सर."

आता अर्डिथबद्दल सांगायला हवं. त्याची बायको. बडबडी, हसरी, रस्त्यावरून जाणाऱ्या कुत्र्याशीसुद्धा दहा मिनिटं बोलेल अशी. भांडून नाही गेली ती. एका रविवारी जेवताना काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "वेंडेल, तू दिवसभर लोकांच्या तारा ऐकतोस, आणि घरी आलास की माझं ऐकायला तुझ्याकडे कान उरत नाही." आणि बहिणीकडे गेली ती गेलीच. दर नाताळाला कार्ड तेवढं येतं, पत्त्यासकट.

तर ती गोड आवाजाची बाई म्हणाली, "सर, लग्न झालेलं असेल तर सरकारची मदत तेव्हाच मिळते, जेव्हा नवरा-बायको टॅक्सचे कागद एकत्र भरतात. तुम्ही एकत्र भरता?"

"आम्ही एकत्र काहीच करत नाही."

तिलाही वाईट वाटलं असणार, कारण आवाज खाली आणून म्हणाली, "एक सवलत आहे. बायको सोडून गेली आणि तिचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर तुम्ही एकटे म्हणून भरू शकता. लागतो का ठिकाणा?"

बघा हं. समोर कुणी नाही, तपासणार कुणी नाही, डोक्यात काय वाढतंय देव जाणे, आणि एका शब्दाचं काम आहे. दुसरा कुणी असता तर... मी तर म्हणालोच असतो, जाऊ द्या. वेंडेल म्हणाला, "घर नंबर एकशे चौदा, पेलिकन लेन. पुढच्या दारी लिंबाचं झाड आहे."

"तुम्ही गेलात तिथे?"

"नाही. कार्डावर लिहिलं होतं तिने."

सरकारच्या मदतीशिवाय हप्ता किती, ते त्याने जाता जाता विचारलं. महिना अकराशे डॉलर. वेंडेलची वर्षाची कमाई पावणेचौदा हजार. म्हणजे हप्ते भरून साडेपाचशे उरतात, त्यात वर्षभर जेवायचं, गाडीत तेल घालायचं आणि आनंदात राहायचं.

फोन ठेवल्यावर त्याला स्वयंपाकघरातला खण आठवला. त्या खणात एप्रिलपासून एक जाड पाकीट पडलं होतं. घटस्फोटाचे कागद. अर्डिथने पाठवलेले, सोबत चिठ्ठी: "घाई नाही, पण जमेल तेव्हा सही कर." फ्लोरिडात तिला हॅल नावाचा एक माणूस भेटला होता, मासेमारीच्या बोटीवरून निवृत्त झालेला, आणि त्यांना लग्न करायचं होतं. वेंडेलने सात महिने त्या खणातून चमचेसुद्धा काढले नव्हते.

त्या संध्याकाळी त्याने कागद काढले आणि सही केली. चार ठिकाणी. मला म्हणाला, "प्रत्येक पानावर नाव लिहिताना मला माझंच स्पेलिंग आठवेना." पाकिटाला तिकीट लावलं, दाराशी ठेवलं. सकाळी टपालात टाकायच्या आधी म्हटलं, एकदा विचारून घ्यावं. पुन्हा फोन. पुन्हा तो बेसूर पियानो. यावेळी बाप्या होता, झोपाळू आवाजाचा.

"घरात माणसं किती?"

"घटस्फोट झाला की एक."

"पुढच्या वर्षी किती कमवाल?"

आता हे कसं सांगायचं? पियानो लावणाऱ्याची पुढच्या वर्षाची कमाई चर्चमधल्या उंदरांच्या हातात असते, त्यांनी पियानोतली लोकर कुरतडली तर काम. तरी म्हणाला, "एवढेच. पावणेचौदा हजार."

बटणं दाबल्याचा आवाज आला. मग, "सर, मदत मिळणार नाही."

"का? मी जास्त कमावतो?"

"कमी कमावता. एकट्या माणसासाठी कमीत कमी साडेपंधरा हजारांच्या वर लागतात. त्याखाली मदत नाही."

वेंडेलला वाटलं आपला डावा कान आता शब्दही चुकीचे ऐकायला लागला. त्याने फोन उजव्या कानाशी नेला. "म्हणजे मी आणखी श्रीमंत असतो तर तुम्ही मला मदत केली असती?"

"थोडेसेच श्रीमंत, सर. फार नाही."

"आणि मग गरिबांचं काय?"

"काही राज्यांनी त्यांच्यासाठी वेगळी सोय केलीय. तुमच्या राज्याने नाही केली." मग तो माणूस जरा जागा झाला आणि म्हणाला, "सर, मी तुम्हाला सांगायला नको, पण लग्न टिकवलंत तर बघा. दोघांची कमाई मिळून गरिबीच्या रेषेच्या वर जात असेल तर तुम्हाला मिळेल."

घ्या. घरात माणसं किती, तर एक म्हटलं की औषध नाही, आणि दोन म्हणायचं तर दुसरं माणूस साडेसातशे मैलांवर लिंबाच्या झाडाखाली, हॅलबरोबर.

महिनाभर नुसतं फोन उचलणं आणि खाली ठेवणं चाललं. हे मला पडवीत दिसायचं, आणि मी आपला लांबून हात हलवायचो. पंधरा डिसेंबरपर्यंत नाव घातलं तरच विमा जानेवारीपासून, त्यानंतरचा उशिरा लागू. डिसेंबर लागला तेव्हा एकदाचा त्याने अर्डिथचा नंबर फिरवला.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "सही केलीस?"

"केली. पण पाठवली नाही." आणि मग, अकरा वर्षांत बायकोला केलेला पहिला फोन, त्यात हा माणूस म्हणतो काय, "अर्डिथ, माझ्याबरोबर टॅक्स भरशील का?"

ती इतका वेळ गप्प राहिली की त्याला वाटलं फोन तुटला. अर्डिथ गप्प, ही गोष्टच त्याच्या ओळखीची नव्हती. मग ती हसायला लागली. "वेंडेल, लग्नाची मागणी घालतानाही तू याच आवाजात बोलला होतास. मला वाटलेलं पियानोचं बिल मागतोयस."

मग त्याने सगळं सांगितलं. फोटो, मशीन, दोन सूर, एकटा माणूस, रेषेच्या खाली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कुठला कान?"

"डावा."

"माझ्या बाजूचा," ती म्हणाली. पलंगावर ती डावीकडे झोपायची.

अर्डिथ सहासष्टची. तिचं मेडिकेअरचं सरकारी कार्ड कधीच आलेलं, पासष्ट झाली की इथे सगळ्यांना मिळतं. पेन्शन अधिक रोपवाटिकेतलं अर्धवेळ काम मिळून तिचे तेवीस हजार. याचे पावणेचौदा. दोघांचे मिळून रेषेच्या चांगले वर. हिशेब जुळत होता. पण ज्या वर्षी मदत घ्यायची त्या वर्षाचा टॅक्स एकत्र भरायचा, म्हणजे डिसेंबरअखेर नवरा-बायको असायलाच हवं, आणि हे दरवर्षी, वेंडेल पासष्टचा होईपर्यंत. तीन वर्षं.

"हॅल चौऱ्याहत्तरचा आहे, वेंडेल," ती म्हणाली. "आम्ही एप्रिलचा दिवस ठरवलाय. केक सांगितलाय."

वेंडेल म्हणाला, "मला माहीत नव्हतं. राहू दे. मी उद्या पाकीट टाकतो." आणि मनापासून म्हणाला हो, डावपेच नाही. फोन ठेवला आणि पाकीट गाडीत पुढच्या सीटवर नेऊन ठेवलं, स्वतःच्या शेजारी.

सकाळी सातला तिचा फोन. टपाल कचेरी आठला उघडते.

"टाकलंस?"

"नाही अजून."

"टाकू नकोस. हॅलशी बोलले मी रात्री. आधी बाहेर जाऊन बोटीला उगाच रंग दिला अंधारात. मग आत आला आणि म्हणाला, त्या माणसाचा कान जातोय आणि मी केकसाठी अडून बसू? म्हणाला, आपण राहतोच आहोत एकत्र, कागदाचं काय." मग तिचा आवाज जरा चिरका झाला. "पण वेंडेल, तो तीन वर्षं नाही जगला तर मी तुला कधीच माफ करणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

"ठीक आहे," वेंडेल म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेरा डिसेंबरला त्याने तिसरा फोन केला. घरात माणसं किती? दोन. एकदम म्हणाला, अडखळला नाही. नावं विचारली, जन्मतारखा विचारल्या, तिची जन्मतारीख त्याला न बघता आली. विमा मिळाला, हप्ता झेपेल असा.

जानेवारीत फोटो निघाला. वाटाण्याएवढी गाठ, कानाच्या नसेवर, सुदैवाने घातक नव्हे, पण काढायला हवी. मार्चमध्ये ऑपरेशन. नॉक्सव्हिलला न्यायला कुणी हवं होतं, आणि तेव्हा कुठे मी कुंपण ओलांडलं, अकरा वर्षांनी. लाज वाटायला हवी, वाटलीही.

तिथे खिडकीतल्या मुलीने विचारलं, "विवाहित?"

"हो."

"मग मिसेस बाहेर बसल्यात का?"

वेंडेलने माझ्याकडे बघितलं, मी खाली. "ती फ्लोरिडात असते."

"अरेरे, यायला जमलं नाही का त्यांना?" पोरीने सहज विचारलं हो, तिचा काय दोष. पण तो ज्या तऱ्हेने टोपी हातात फिरवत राहिला... मला वाटलं हा माणूस एकटा असताना इतका एकटा दिसत नव्हता.

गाठ निघाली. डाव्या कानाने आता नावापुरतं ऐकू येतं, उजवा शाबूत आहे, आणि तीन काउंट्यांत जेवढे खरे पियानो उरलेत तेवढे तो अजून लावतो. दर रविवारी दुपारी अर्डिथचा फोन येतो, टॅक्सच्या कागदांसाठी म्हणून सुरू झाला आणि तसाच राहिला. हॅलचे गुडघे, रोपवाटिकेतली मालकीण, शेजारणीचं मांजर, तासभर चालतं. वेंडेल फोन उजव्या कानाशी धरून बसतो आणि ऐकतो. नुसतं ऐकतो. मधेच विचारतो, "हॅलची तब्येत कशी आहे?" आणि अगदी काळजीने विचारतो, कारण हॅलला काही झालं तर ते याच्या डोक्यावर.

आमच्या गावात साठी ओलांडलेला प्रत्येक जण पासष्टीचे दिवस मोजतो. एकदा ते सरकारी कार्ड हातात पडलं की सुटलो. न्हाव्याकडे, गॅरेजमध्ये, चर्चच्या पायरीवर हाच विषय: तुला किती राहिले, मला किती राहिले. परवा मीही वेंडेलला कुंपणावरून म्हटलं, "तुला आता दोनच वर्षं राहिली की, वेंडेल. मग चिंता मिटली, ते पाकीटही टपालात पडेल."

त्याने कॉफीचा घोट घेतला, रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो. पण मला काही घाई नाही."