बकुळीचा शेंडा आणि अकरावा मजला

...नाही, मला एक सांगा, झाड म्हणजे काय शाळेतली पोरं आहेत का, सगळ्यांचे केस एकाच मापात कापायला? बुडाशी फांदी दिसली की काप! नुसती काठी उभी आणि वर पानांचा झुपका! वर माळी म्हणतो, 'काका, नीटनेटकं दिसतं!' नीटनेटकं! अरे, तुझी दाढी आहे का ती?

तुम्हाला सांगतो, आम्ही रहाटणीत तळमजल्याला राहतो. खिडकीसमोर पार्किंग. खिडकी उघडली की सायलेन्सरचा धूर थेट तोंडात, नाहीतर गाडीवर रेलून बसलेला कुणीतरी थेट आमच्या ताटात बघतोय! आणि आमची इंद्रायणी, बायको हो माझी, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दिवसभर त्याच खोलीत. दोन वर्षं बाईनं खिडकी उघडली नाही! म्हणून तिथं बकुळ लावली. बुडापासून भरली की हिरवी भिंतच! पण भरेल कशी? सोसायटीचा माळी रोहिदास खालचं सगळं साफ करतो, आणि झाड आपलं वरवर, वरवर...

आता माझा जन्म चाकणला कंपनीत गेला, पण त्याआधी इथं आमची तूर होती राव! आता जिथं क्लब हाऊस आहे ना, तिथंच! वडील आम्हाला तुरीचे शेंडे खुडायला लावायचे आणि म्हणायचे, वरचा शेंडा उडवल्याशिवाय खाली फुटवा येत नाही! जोर सगळा वर पळत असतो, तो अडवला की बुडाचे डोळे फुटतात. झाड कोवळं असतानाच करायचं, खोड जून झालं की बसा बोंबलत! म्हणून घेतली कात्री आणि टाकला बकुळीचा शेंडा छाटून.

झालं! ग्रुपवर फोटो! 'हे कृत्य कोणी केलं?' कृत्य! रविवारी मीटिंग. आमचे चेअरमन कुलदीपराव, राहायला अकराव्या मजल्यावर, म्हणजे अगदी टोकाला. ते म्हणतात, 'काका, तुम्ही झाडाचा मर्डर केलात.' माझं डोकं फिरलं. उठलो आणि ओरडलो, 'वरचा शेंडा उडवल्याशिवाय खाली फुटवा येत नाही!'

कुलदीपरावांचा चेहरा पांढरा. 'काका... तुम्ही मला धमकी देताय?'

दुसऱ्या दिवशी दाराला नोटीस! वरच्या मजल्यावरील पदाधिकाऱ्यास उडवण्याची भाषा केल्याबद्दल खुलासा करावा! मी खुलाशात तूर लिहिली. त्यांनी विचारलं, हा तूर कोण?

पण बकुळीनं माझी लाज राखली हो. महिन्याभरात बुडाशी कोंब! एक, दोन, चांगले सहा! दिवाळीनंतर पानं खिडकीच्या गजांना टेकली. एक दिवस चहा घेऊन आत जातो तर खिडकी उघडी! इंद्रायणी म्हणाली, 'अहो, वारा येतोय.' मी तिथंच बसलो.

आणि पुढच्याच आठवड्यात खाली कोयत्याचा आवाज! अनवाणी धावलो. सहाच्या सहा फांद्या जमिनीवर! रोहिदास म्हणतो, 'सायबांनी सांगितलं, खालचं काढ, डास व्हत्यात. आमी काय करणार?' मागून कुलदीपराव, 'काका, झाड ठेवलंय ना, खालचा कचराच काढलाय.'

कचरा! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी खरंच धमकी दिली! काय दिली ते बायाबापड्यांसमोर सांगत नाही. पुन्हा मीटिंग. पुन्हा उभा राहिलो, वरचा शेंडा उडवल्याशिवाय... एवढं म्हणालो आणि दोन जणांनी धरून खाली बसवलं! ठराव झाला, जमिनीपासून पाच फुटांपर्यंत एकाही झाडाला फांदी असता कामा नये. हात वर करून मतदान! विरोधात माझा एकट्याचा हात.

घरी आलो तर खिडकी बंद. इंद्रायणी भांडली असती ना, तर बरं वाटलं असतं. म्हणाली, 'जेवून घ्या.'

मग काय... गेलो काळेवाडीला आणि आणली ती प्लास्टिकच्या पानांची जाळी, लावली गजांना. कुलदीपराव मुद्दाम थांबून म्हणाले, 'वा काका, आता कसं सोसायटीला शोभतंय!' काल बघतो तर इंद्रायणी तांब्या घेऊन त्या पानांवर पाणी मारतेय. म्हटलं, 'अगं, प्लास्टिक आहे ते!'

ती म्हणाली, 'माहितीये मला. पण निदान याला कुणी हात लावणार नाही.'

आता मीच भरून देतो तांब्या.